फळ्यावरची नव्वद नावं

ज्यांना हा एपिसोड ऐकायला वेळ नाही, किंवा लोकलमध्ये नेटवर्क जातं म्हणून ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलताना मी जिथे जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी सगळं तसंच आहे.

सुरुवात एका व्हॉट्सअ‍ॅप मेसेजने. आपल्या एका श्रोत्याने विचारलं होतं, "दादा, एप्रिल महिन्यात इन्स्टावर सारखी रील्स येतात. सूट घातलेला धिप्पाड पोरगा फोनवर बोलता बोलता रडायला लागतो, आईला मिठी मारतो, डोक्यावर टोपी घालतो. हे काय असतं? लग्न ठरलं का त्याचं?"

लग्न नाही, पण फार लांबचंही नाही! एका अनोळखी शहरातल्या घराने त्याला निवडलेलं असतं आणि नकार द्यायची सोय जवळपास नसते. याला म्हणतात एनएफएलचा ड्राफ्ट. एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही हं, तो लांबट बॉल हातात घेऊन धावायचा, हेल्मेटवाला. कॉलेजात खेळणारी हजारो मुलं असतात. त्यातून ३२ संघ, ७ राउंडमध्ये, अडीचशेच्या आसपास मुलं उचलतात. मागच्या वर्षी जो संघ शेवटी राहिला त्याला पहिला नंबर, जो चॅम्पियन झाला त्याला शेवटचा. आणि या दिवसाच्या आधी कित्येक महिने स्काउट, कोच, टीव्हीवाले, घरबसले तज्ज्ञ सगळे याद्या बनवत असतात: कोण पहिला, कोण दहावा, कोण एकशे नव्वदावा.

मी आज फक्त आक्रमणाच्या बाजूच्या खेळाडूंबद्दल बोलणार आहे. या खेळात आक्रमण करणारे वेगळे आणि बचाव करणारे वेगळे असतात. आक्रमणात बॉल फेकणारा क्वार्टरबॅक, बॉल घेऊन घुसणारा रनिंग बॅक, लांब पळत जाऊन झेलणारा रिसीव्हर, आणि या सगळ्यांसाठी अंगावर धक्के घेणारे लाइनमन. यादीत सगळ्यात मोठ्या चुका याच मंडळींबाबत झाल्यात, म्हणून हा विषय.

तर चला १९३६ मध्ये. ८ फेब्रुवारी. फिलाडेल्फियातलं रिट्झ कार्लटन हॉटेल. तेव्हा लीगमध्ये संघ फक्त ९. फिलाडेल्फिया ईगल्सचा मालक बर्ट बेल याचा संघ आदल्या वर्षी अगदी तळाला होता. चांगली पोरं शिकागो आणि न्यूयॉर्कसारख्या श्रीमंत संघांकडे जायची, कारण तिथे पैसे जास्त आणि जिंकण्याची शक्यताही जास्त. बेलला एका नामी खेळाडूसाठी बोली लावताना हात हलवत परत यावं लागलं होतं. मग त्याने बाकीच्या मालकांसमोर प्रस्ताव ठेवला की बोली बंद करू, पाळीपाळीने निवडू, आणि जो शेवटचा त्याने पहिल्यांदा निवडायचं. आता शेवटचा कोण होता? बेल स्वतः! म्हणजे पहिला फायदा त्याचाच. तरी बाकीच्यांनी मान्य केलं, कारण बोली लागली नाही तर खेळाडू स्वस्तात मिळणार होते. ड्राफ्टची ही बाजू रील्समध्ये दिसत नाही. संघ बरोबरीत यावेत हे कारण खरंच होतं, पण मुलाने "मला तिकडे जायचंय" म्हणण्याचा हक्क त्याच दिवशी गेला.

त्या खोलीत एक फळा होता. त्यावर ९० नावं लिहिलेली होती. स्काउट नावाची जमात तेव्हा नव्हतीच. कोणी वर्तमानपत्रात वाचलेलं, कोणी कॉलेजातल्या ओळखीच्या कोचला विचारलेलं. न्यूयॉर्क जायंट्सच्या मालकाचा तरुण मुलगा वेलिंग्टन मारा गावोगावची वर्तमानपत्रं आणि मासिकं मागवून नोंदी ठेवायचा, तोच त्या काळचा डेटा अ‍ॅनालिस्ट म्हणा ना!

पहिलं नाव उचललं गेलं जे बरवँगर याचं. शिकागो विद्यापीठाचा हाफबॅक. कॉलेज फुटबॉलमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून आज जी हाइजमन ट्रॉफी देतात, ती पहिल्यांदा मिळवणारा हाच. यादीत एक नंबर, देशात एक नंबर. आणि हा गडी व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. त्याने मागितलेले पैसे बेलला परवडेनात, बेलने त्याचे हक्क शिकागो बेअर्सला देऊन टाकले, तिथल्या जॉर्ज हॅलसशीही जमलं नाही. बरवँगरने सरळ नोकरी धरली, फोम रबर विकायची. पुढे स्वतःचा धंदा उभा केला. ती ट्रॉफी बरीच वर्षं त्याच्या मावशीकडे होती आणि ती बाई दार उघडं राहावं म्हणून दाराला टेकवून ठेवायची. ईगल्सने त्या दिवशी ९ मुलं निवडली, त्यातला एकही त्यांच्याकडे खेळायला आला नाही. म्हणजे पद्धत ज्याने शोधली, त्याच्या हाती पहिल्या वर्षी भोपळा.

मला हे वाचताना गंमत वाटली ती याची की त्या काळात या पोराला 'नाही' म्हणणं परवडत होतं. फोम रबरची नोकरी आणि फुटबॉल यांच्या पगारात जमीन-अस्मानाचा फरक नव्हता. आज तो आहे, म्हणून पोरं रडतात.

पुढची पंचवीस वर्षं मी भराभर सांगतो. महायुद्ध झालं, लॉस एंजेलिस रॅम्सने एडी कोटल नावाचा माणूस वर्षभर देशभर फिरायलाच ठेवला, बाकीच्यांनी ते बघून आपापली माणसं ठेवली. याद्या लांबल्या. पण यादी म्हणजे अजूनही कोणाच्या तरी वहीतलं मतच होतं.

आता खरी मजा. १९६० साली डॅलस काउबॉइज हा नवा संघ आला. त्याचा मॅनेजर टेक्स श्रॅम आधी सीबीएस टीव्हीत होता. १९६० च्या हिवाळी ऑलिम्पिकचं प्रक्षेपण करताना त्याने आयबीएमची यंत्रं निकाल कसे झटक्यात काढतात ते बघितलेलं. त्याच्या डोक्यात आलं, खेळाडूंच्या यादीला हे का लावू नये? मग आयबीएमच्या एका शाखेकडून त्याला जो माणूस मिळाला त्याचं नाव सलाम कुरेशी. भारतातून अमेरिकेत गेलेला संख्याशास्त्रज्ञ! अमेरिकन फुटबॉलशी त्याचा काडीचा संबंध नव्हता आणि श्रॅमचा कॉम्प्युटरशी नव्हता. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो, खरं सांगतो.

कुरेशींनी काय केलं ते नीट ऐका, कारण आज तुमच्या फोनमधलं प्रत्येक रेटिंग याच अडचणीतून जातं. स्काउट लिहायचे "पोरगा चपळ आहे." पण टेक्सासच्या स्काउटचा 'चपळ' आणि ओहायोच्या स्काउटचा 'चपळ' एकच का? एक स्काउट सगळ्यांनाच भरभरून मार्क देतो, आपल्याकडच्या तोंडी परीक्षेतल्या प्रेमळ सरांसारखा. दुसरा कोणालाच देत नाही. मग दोन वह्यांमधल्या मुलांची तुलना करायची कशी? सुरुवातीला कोच लोकांनी सांगितलेले गुण शेकड्यांनी होते, आणि त्या काळच्या यंत्राला ते पेलणारे नव्हते. छाटत छाटत शेवटी पाच गोष्टी उरल्या: स्वभाव, चपळाई आणि शरीरावरचा ताबा, चुरस, डोक्याची तल्लखता, ताकद. स्काउटला निबंध लिहायचा नाही, तर ठरलेल्या वाक्यांपुढे १ ते ९ मधला आकडा टाकायचा. आणि कुठला स्काउट हात सैल सोडतो, कुठला आखडतो, हेही हिशोबात धरलं जायचं. म्हणजे खेळाडूंच्या आधी तपासणाऱ्यांची तपासणी!

ही पद्धत बसायला काही वर्षं गेली. दुसरे संघ हसत होते. पण काउबॉइजच्या याद्या बनवणारा गिल ब्रँट हा आधी हॉस्पिटलांमध्ये जाऊन नवजात बाळांचे फोटो काढायचा धंदा करायचा, त्यामुळे 'हे आमच्या धंद्यातलं नाही' असलं काही त्याला वाटायचं नाही. १९६४ च्या ड्राफ्टमध्ये त्यांनी सातव्या राउंडला बॉब हेज घेतला, जो त्याच वर्षी टोकियो ऑलिम्पिकला १०० मीटरचं सुवर्ण जिंकला, आणि दहाव्या राउंडला क्वार्टरबॅक रॉजर स्टॉबॅक घेतला. स्टॉबॅक नौदलात होता, नोकरीची वर्षं पूर्ण करून तो १९६९ मध्ये खेळायला आला. दोघंही आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत. हे श्रेय कॉम्प्युटरचं असं मी म्हणणार नाही, १९६४ ला ते यंत्र अजून बाल्यावस्थेत होतं. पाच वर्षं थांबायची तयारी कुठल्याच प्रिंटआउटमध्ये येत नाही.

पण यंत्रात जे घालाल तेच बाहेर येणार. आणि ज्या मुलाला बघायलाच कोणी गेलं नाही, त्याचा आकडा कुठून येणार?

अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची वेगळी कॉलेजं होती, कारण गोऱ्यांच्या मोठ्या विद्यापीठांत त्यांना प्रवेशच नव्हता. ग्रॅम्बलिंग, अलाबामा ए अँड एम अशी. तिथे अप्रतिम फुटबॉल चालायचा आणि बहुतेक स्काउट तिकडे फिरकायचे नाहीत. ते फुटबॉल मन लावून बघणारा एक माणूस होता, बिल नन. पिट्सबर्ग कुरिअर या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्राचा क्रीडा पत्रकार. दरवर्षी तो या कॉलेजांमधल्या सर्वोत्तम खेळाडूंचा संघ पेपरात छापायचा. म्हणजे त्याची स्वतःची यादी. पिट्सबर्गचा एनएफएल संघ स्टीलर्स त्याच गावात, पण वर्षानुवर्षं त्यांनी ती यादी उघडून बघितली नाही. नन त्यामुळे त्यांच्यावर नाराज होता आणि त्यांच्या सामन्यांकडे फिरकतही नव्हता. मालकांचा मुलगा डॅन रूनी याला हे कळलं, त्याने ननला बोलावून घेतलं आणि १९६० च्या दशकाच्या शेवटी नन स्टीलर्सचा स्काउट झाला.

आता १९७४. अलाबामा ए अँड एममध्ये जॉन स्टॉलवर्थ नावाचा रिसीव्हर. वेगवेगळ्या संघांचे स्काउट त्याला बघायला आले, स्टॉपवॉच काढली, ४० यार्ड धावायला लावलं. जमीन ओली. वेळ सुमार आली. सगळ्यांनी वहीत तो आकडा लिहिला आणि पुढच्या गावाला निघाले. नन म्हणाला, माझी तब्येत बरी नाही, मी थांबतो. दुसऱ्या दिवशी त्याने स्टॉलवर्थला कोरड्या जागेवर नेलं आणि परत धावायला लावलं. यावेळचा आकडा फक्त ननच्या वहीत गेला. शिवाय स्टॉलवर्थच्या खेळाची फिल्म त्यांच्या हाती आली होती, ती त्यांनी बाकीच्या संघांसाठी पुढे पाठवलीच नाही! हे काही फार सरळ काम नव्हतं, मान्य.

इथे मला एक माझं सांगू द्या, छोटंसं. आठवीत असताना जिल्ह्याच्या निवड चाचणीला मी गेलो होतो. आदल्या रात्री पाऊस झालेला. धावताना वळणावर पाय सटकला. स्टॉपवॉचवाल्या सरांनी आकडा लिहिला, मान वर करून बघितलंही नाही. यादी लागली त्यात मी राखीवमध्येही नव्हतो. मी काही स्टॉलवर्थ नव्हतो, कोरड्या मैदानावरही बहुधा निवड झालीच नसती. पण 'ओली जमीन' हे दोन शब्द वाचल्यावर मी पुस्तक मिटून पाच मिनिटं बसलो होतो.

असो. स्टीलर्सचा कोच चक नोल याला स्टॉलवर्थ पहिल्याच राउंडला हवा होता. नन म्हणाला, थांबा, हा कोणाच्या यादीत वर नाही, नंतरही मिळेल. पहिल्या राउंडला रिसीव्हर लिन स्वान घेतला, दुसऱ्याला बचावातला जॅक लँबर्ट, आणि चौथ्याला स्टॉलवर्थ मिळाला. पाचव्याला सेंटर माइक वेबस्टर. चौघंही हॉल ऑफ फेममध्ये गेले. एका संघाने एका ड्राफ्टमध्ये इतकं कमावल्याचं दुसरं उदाहरण नाही. पुढच्या सहा हंगामांत स्टीलर्स चार सुपर बोल जिंकले. बिल ननचं नाव हॉल ऑफ फेममध्ये लागलं २०२१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर.

या चौघांतल्या वेबस्टरबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. सेंटर म्हणजे प्रत्येक चालीत समोरच्याला डोकं आणि खांदा देणारा माणूस. स्काउटच्या यादीत त्याच्यापुढे प्रश्न होता की उंची-वजन पुरेसं आहे का. तो १७ हंगाम टिकला. २००२ मध्ये पन्नासाव्या वर्षी गेला, शेवटची वर्षं स्मृती हरवलेली, कधी कधी गाडीत झोपून काढलेली. डॉक्टर बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला आणि डोक्यावरच्या सततच्या आघातांनी होणारा सीटीई हा आजार एनएफएल खेळाडूत पहिल्यांदा सापडला तो त्याच्यात. हा रकाना कुरेशींच्या पाच गुणांत नव्हता आणि कुणाच्याच वहीत नव्हता.

बरं, काही मुलांना बघायला लोक गेले, नीट बघितलं, आणि तरी यादीत घेतलं नाही. वॉरन मून. १९७८ च्या जानेवारीत वॉशिंग्टन विद्यापीठाला त्याने रोझ बोल जिंकून दिला, सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या वर्षीच्या ड्राफ्टला १२ राउंड होते, ३०० हून जास्त नावं वाचली गेली. मूनचं एकदाही नाही. तो कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक होता आणि त्या काळात समजूत अशी की क्वार्टरबॅक म्हणजे संघाचं डोकं, ते काम या पोरांचं नाही, यांना रिसीव्हर करा, पळू द्या. मूनला जागा बदलायची नव्हती. तो कॅनडात एडमंटनला गेला आणि तिथली ग्रे कप ही स्पर्धा सलग पाच वेळा जिंकला. १९८४ मध्ये एनएफएलचे संघ त्याच्यामागे लागले. २००६ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला.

जुनी गोष्ट आहे म्हणाल तर २०१८ बघा. लमार जॅक्सन, हाइजमन विजेता. बिल पोलियनसारखा मातब्बर माणूस टीव्हीवर म्हणाला की याने रिसीव्हर व्हावं. लमारच्या आधी चार क्वार्टरबॅक गेले, तो ३२ वा, पहिल्या राउंडचा अगदी शेवटचा. दुसऱ्याच हंगामात त्याला लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरवण्यात आलं, आणि एकाही मतदाराने दुसऱ्याचं नाव घातलं नाही.

१९८० च्या दशकात सगळे संघ मिळून एकाच ठिकाणी चाचण्या घ्यायला लागले, १९८७ पासून त्या इंडियानापोलिसला होतात. तिथे मुलांना चड्डीवर उभं करून मोजतात: उंची, वजन, हाताचा पंजासुद्धा! ४० यार्डांची ती धाव आता टीव्हीवर लाइव्ह असते. २००० साली टॉम ब्रेडी ती ५.२८ सेकंदांत धावला, म्हणजे क्वार्टरबॅकच्या मानानेही बैलगाडी. त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले, त्यातला एक तर लीगचा एकही अधिकृत सामना खेळला नाही. ब्रेडी १९९ वा. सात सुपर बोल. ही गोष्ट तुम्ही ऐकलेली असणार, म्हणून मी ती ताणत नाही.

त्याऐवजी मला जोएल बुक्सबॉम सांगायचाय. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छोट्या फ्लॅटमध्ये राहणारा, हडकुळा, बाहेर फारसा न पडणारा माणूस. खोलीभर व्हिडिओ टेप आणि एक फोन. प्रो फुटबॉल वीकली या साप्ताहिकात तो दरवर्षी शेकडो खेळाडूंची यादी लिहायचा. रेडिओवर त्याचा चिरका आवाज लाखो लोकांच्या ओळखीचा होता. बिल बेलिचिकसारखा कोच त्याला फोन करून सल्ला घ्यायचा, त्याला संघात नोकरीही देऊ केली होती. हा घर सोडून गेला नाही. २००२ च्या डिसेंबरात, ४८ व्या वर्षी तो वारला. पॉडकास्ट करणाऱ्या माझ्यासारख्याला हा माणूस देवासारखा वाटतो, काय सांगू.

त्याच्या अगदी उलट मेल कायपर. झोकदार केस, १९८४ पासून ईएसपीएन वाहिनीवर. १९९४ मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सने पाचव्या नंबरला क्वार्टरबॅक ट्रेंट डिल्फरला सोडून बचावातला ट्रेव्ह अल्बर्ट्स घेतला. कायपरने ऑन एअर धुतलं. कोल्ट्सचा बिल टोबिन भडकून कॅमेऱ्यासमोर म्हणाला, हा मेल कायपर आहे तरी कोण? अल्बर्ट्स दुखापतींमुळे तीनच हंगाम खेळला. डिल्फर मोठा खेळाडू झाला नाही, पण सुपर बोल जिंकलेला क्वार्टरबॅक झाला. भांडण कोण जिंकलं, तुम्ही ठरवा. कायपरची नोकरी मात्र पक्की झाली.

या सगळ्यावर केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोघांनी अभ्यास केला. थेलर म्हणजे पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले. एकाच जागेवर खेळणारे दोन खेळाडू घ्या, एक आधी निवडलेला, दुसरा त्याच्या लगेच नंतर. आधीचा जास्त चांगला निघण्याची शक्यता किती? ५२ टक्के. नाणं उडवलं तर ५०. एवढे स्काउट, विमानं, स्टॉपवॉच, आणि कमाई दोन टक्क्यांची! हसू नका, आपल्याकडेही २००८ मध्ये पहिल्या आयपीएलच्या वेळी १९ वर्षांखालील विजेत्या संघातल्या मुलांचा असाच ड्राफ्ट झाला होता. पहिला नंबर दिल्लीचा होता. त्यांच्याकडे फलंदाज भरपूर होते, त्यांनी डावखुरा गोलंदाज प्रदीप सांगवान घेतला. दिल्लीचाच एक पोरगा त्यामुळे बंगळुरूला गेला. विराट कोहली.

आता ज्याने प्रश्न विचारला होता त्याच्यासाठी शेवटचं. तू बघतोस ती रील्स पहिल्या रात्रीची, पहिल्या राउंडची असतात. ड्राफ्ट तीन दिवस चालतो. तिसऱ्या दिवशी सगळ्यात शेवटी ज्याचं नाव येतं त्याला गंमतीने 'मिस्टर इरेलेव्हंट' म्हणतात, म्हणजे ज्याचं काही अडलेलं नाही असा. १९७६ पासून त्याचा कॅलिफोर्नियात थट्टेचा सत्कारही होतो. २०२२ चा हा शेवटचा, २६२ वा, होता क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी. २०२४ च्या फेब्रुवारीत तो सॅन फ्रान्सिस्कोकडून सुपर बोल खेळत होता. जादा वेळेत, २५–२२ असा हरला.

पुढच्या रविवारी भेटू. प्रश्न पाठवत राहा, व्हॉइस नोट पाठवलीत तर बाइकवरून नको, वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही!